टाइपरायटरमधली बाई

बिल्बाओ चौकातल्या पेपरवाल्याच्या टपरीकडे आज पाहायचंच नाही, असं कासिल्दाने घरून निघतानाच ठरवलं होतं. चौकात पाऊल टाकल्याबरोबर तिची नजर तिकडेच गेली. ‘ला बुहिया’ या साप्ताहिकाचे नवे अंक दोरीला चिमट्यांनी टांगले होते. सलग सात. मार्चच्या वाऱ्यावर सातही मुखपृष्ठं एकदम हलत होती.

चित्र तिचं होतं. एक भलामोठा काळा टाइपरायटर, आणि कमरेपर्यंत त्याच्यातून उगवलेली एक तरुण बाई, पाठमोरी. उघड्या पाठीचा कणा खाली उतरता उतरता कळांच्या ओळी होऊन जात होता. अक्षरांच्या दांड्या बरगड्यांसारख्या उमलून वर उठल्या होत्या आणि त्यातली एक मानेला टेकते न टेकते तोच थांबली होती. शाईची काळी-तांबडी फीत खांद्यावरून ओघळलेली, आता घसरेल की मग घसरेल अशी. बाईने मान थोडी कलती केली होती, एका बाजूची मिटलेली पापणी तेवढी दिसत होती. कोपऱ्यात सही होती ‘तुएर्का’. तुएर्का म्हणजे बोल्टवर फिरवतात तो नट. त्या नावामागे कोण आहे हे संपादक डॉन एवारिस्तो सोडून माद्रिदमध्ये कुणालाही ठाऊक नव्हतं.

क्षणभर कासिल्दाच्या छातीत कबुतर फडफडावं तसं झालं. एरवी ती पंप आणि इंजिनं विकणाऱ्या एका पेढीच्या मागच्या खोलीत बसून मालाच्या सचित्र यादीसाठी झडपा नि चाकांची चित्रं काढायची. तिथली रेघ फुटपट्टीने मारलेली असे. या चित्रातली रेघ मात्र तिच्या हाताने श्वास घेत काढली होती. टपरीसमोर दोन माणसं थांबली, तिसरा थांबला. एकजण म्हणाला, “यंत्र चांगलं आहे.” दुसरा म्हणाला, “तू यंत्र बघतोयस?” आणि तिघेही हसले.

मग तिला ती खूण दिसली.

बाईच्या डाव्या कानाखाली, मानेवर, चंद्रकोरीसारखा फिका डाग होता. केस कुरळे करायच्या तापल्या चिमट्याचा चटका. ती खूण कासिल्दाने ठरवून काढली नव्हती. काढली हेही तिला आठवत नव्हतं. पण तशी खूण असलेली मान माद्रिदमध्ये एकच होती, आणि ती रोज आठ तास मोंतेरा रस्त्यावर काचेमागे बसून सगळ्या शहराला दिसत होती.

कासिल्दाने सातातला एक अंक विकत घेतला, जणू एक कमी झाल्याने काही होणार होतं.

ती मान नीएवेसची होती. नीएवेस आणि कासिल्दा दोन्या प्राक्सेदेस नावाच्या बाईच्या खाणावळीत एका खोलीत राहत. नीएवेस चोवीस वर्षांची, सोरियाकडच्या एका खेड्यातली. तिचे वडील तिथल्या चर्चमध्ये घंटा वाजवायचे, मेणबत्त्या लावायचे. ओलार्ते नावाच्या टाइपरायटरच्या दुकानदाराने तिला दर्शनी खिडकीत बसवलं होतं. नवं यंत्र समोर ठेवायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते किती झरझर चालतं ते दाखवायचं. तिची बोटं अशी पळत की बघणाऱ्याचा डोळा मागे पडे. टाइपरायटरचे सुटे भाग नीट पाहून घ्यायला कासिल्दा तीनदा त्या दुकानात गेली होती. नीएवेसला वाटलं, मैत्रीण आपल्याला भेटायला आली. दर वेळी तिने खिडकीतल्या जागेवरून वळून हात हलवला होता.

शुक्रवारी दुपारी जेवायला बसल्यावर नीएवेस म्हणाली, “आज काय झालंय कुणास ठाऊक, खिडकीपुढे ही गर्दी. एरवी चार रिकामटेकडे असतात, आज तीस तरी होते. शेवटी हवालदार येऊन म्हणाला, ट्रामला वाट द्या.”

“नवं यंत्र आणलं असेल तुझ्या मालकाने,” दोन्या प्राक्सेदेस मसुराची डाळ वाढत म्हणाली.

“कुठलं नवं? तेच आहे.”

“मग तूच नवी दिसत असशील पोरी. वसंत लागलाय.”

कासिल्दाने घास घेतला तो घशातच अडकला. नीएवेसने तिच्या पाठीवर थोपटलं. “हळू गं. डाळ पळून नाही जात.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगायचं म्हणून कासिल्दाने पाणी पिऊन तोंड उघडलंही, पण तोंडातून निघालं ते “मीठ दे जरा.”

शनिवारी गोष्ट उघड्यावर आली. एका टोपीवाल्या तरुणाने ‘ला बुहिया’चं मुखपृष्ठ बाहेरून काचेला चिकटवून धरलं आणि एकदा चित्राकडे, एकदा नीएवेसकडे बघत मान डोलवली. नीएवेसचा हात आपसूक मानेवर गेला. त्याबरोबर बाहेर सगळे हसले, कारण हाताने लपवायला जाणं म्हणजे कबुलीच की.

संध्याकाळी ती खोलीवर आली तेव्हा तिने कोटही काढला नाही. पर्समधून घडी केलेला अंक काढून कासिल्दाच्या खाटेवर टाकला.

“हे बघ. ही मी आहे.”

कासिल्दाने बघितल्यासारखं केलं. “कशावरून? पाठ तर आहे नुसती.”

“माझी पाठ त्याने कधी पाहिली? पण मान माझी आहे. डाग माझा आहे. मी बसते तशीच बसलीय ती. कोण आहे हा तुएर्का? रोज येऊन उभा राहत असणार बाहेर. मी आज एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, हा असेल का, तो असेल का. माझ्या चुका झाल्या टाइपात. माझ्या, चुका.”

“ओलार्ते काय म्हणाला?”

“तो? त्याने माझी खुर्ची फिरवली. म्हणे, सोमवारपासून रस्त्याकडे पाठ करून बस. आणि मागून खोल गळ्याचा एक झगा पण आणलाय त्याने. झग्याला मी नाही म्हटलं. खुर्चीला कशी नाही म्हणू? खुर्ची त्याची, खिडकी त्याची.” ती कासिल्दाकडे वळली. “कासिल्दा, तू चित्रं काढतेस. तू सांग. असं काढणारा माणूस कसा असतो?”

“कुणीतरी पुरुष असेल,” कासिल्दा म्हणाली. “असतात तसले.”

हे बोलताना आपला आवाज इतका साधा कसा येतोय, याचं तिलाच भय वाटलं. नीएवेसने मान हलवली आणि कोट काढला. झोपताना तिने गळ्याभोवती रुमाल बांधला. दुसऱ्या दिवशीही तो सोडला नाही.

रविवार कसाबसा गेला. जिन्यात पाऊल वाजलं की कासिल्दा दचकायची. आपण ते चित्र का काढलं, याचं उत्तर ती स्वतःशी शोधत होती आणि ते अर्धंच सापडत होतं. वायादोलिदला, रेल्वेच्या कारखान्यात तिचे वडील फिटर होते. लहानपणी डबा द्यायला गेली की ते इंजिनाच्या पोटाला गाल लावून डोळे मिटून उभे असलेले दिसायचे. आत काय बिघडलंय ते कानाने शोधत. त्यांचा तळवा लोखंडावरून इतक्या हलकेच फिरे, की तसा तो घरात कशावरूनच फिरलेला तिने पाहिला नव्हता. आई शेजारणींना सांगायची, “माझी सवत वाफेवर चालते बाई.” सगळ्या हसायच्या. आई हसायची नाही. ओलार्तेच्या दुकानात कासिल्दा सुटे भाग बघायला गेली खरी. पण वहीत दांड्या नि कळा काढताना नजर वर जायची, आणि नीएवेस ओळ संपवून यंत्रावरची सरकती गाडी मागे ढकलताना मान जराशी कलती करायची, त्यापाशी थांबायची. यंत्र कुठे संपतं नि ती कुठे सुरू होते, हे काही केल्या वहीत वेगळं करता आलं नव्हतं. तिला ते करावंसंही वाटलं नव्हतं.

सोमवारी डॉन एवारिस्तोने निरोप पाठवून बोलावलं. त्याची कचेरी छापखान्याच्या वर होती, खाली यंत्र सुरू झालं की दौतीतली शाई थरथरायची. साठीचा, पोट सुटलेला, एरवी गमत्या माणूस. आज तो दार लावून बोलला.

“तक्रार झालीय. धर्मसभेच्या बायकांनी सह्यांचा कागद नेऊन दिला वरपर्यंत. काल पोलीस येऊन मूळ चित्र घेऊन गेले.”

“पण सेन्सॉरचा शिक्का आहे ना त्यावर?”

“आहे तर. त्याला वाटलं टाइपरायटरची जाहिरात आहे. आता तो बिचारा आपली नोकरी वाचवायला म्हणतोय की त्याला फसवलं. जनरलांचं राज्य आहे बाई, साडेपाच वर्षं झाली, कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. मला विचारलं, तुएर्का कोण. मी म्हटलं, पाकिटातून चित्रं येतात, मी तोंड पाहिलेलं नाही.”

“मग सुटलो आपण?”

डॉन एवारिस्तोने चष्मा पुसला. “आपण सुटलो. ते आता त्या पोरीला बोलावणार आहेत. सगळ्या मोंतेरा रस्त्याला माहीत आहे ती कोण ते. उघड्या अंगाने बसली असणार चित्रकारापुढे, असं धरून चाललेत. तिच्या गावच्या पाद्र्याला पत्र जाईल, चालचलणूक विचारायला. दटावतील आणि सोडतील. तू गप्प राहा. तुझं नाव आलं तर तुझी पेढीतली नोकरी जाईल, आणि माझं साप्ताहिक जाईल ते वेगळंच.”

“तिचे वडील त्याच चर्चमध्ये आहेत,” कासिल्दा म्हणाली.

“कुणाचे?”

“तिचे. पत्र त्यांच्याच हातात पडेल आधी.”

त्याने खांदे उडवले, पण तिच्या नजरेला नजर दिली नाही.

मंगळवारी सकाळी कासिल्दाने पेढीत आजारी असल्याचं कळवलं आणि ती पोलीस कचेरीत गेली. बाकावर बसवून ठेवलं त्या तासाभरात ती दोनदा उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. शेवटी इन्स्पेक्टर तेहादाच्या खोलीत बोलावलं. पन्नाशीचा, नीटनेटक्या मिशांचा माणूस. कोपऱ्यात सिसेनान्दो नावाचा म्हातारा कारकून दोन बोटांनी टाइप करत होता. टेबलावर तिचं मूळ चित्र पालथं घातलेलं होतं.

“मी तुएर्का,” ती म्हणाली. “चित्र मी काढलं. त्या मुलीला काहीच माहीत नाही. ती माझ्यापुढे बसली नव्हती.”

इन्स्पेक्टरने तिच्याकडे पाहिलं, हातमोज्यांकडे पाहिलं. “कोण आहे तो? भाऊ? की होणारा नवरा?”

“कुणी नाही.”

“हे बघा बाई. मी अठ्ठावीस वर्षं या खुर्चीत आहे. पुरुषाचं पाप अंगावर घ्यायला आलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. हे चित्र बाईने काढलेलं नाही. बाईच्या डोक्यात हे येतच नाही.”

“माझ्या आलं.”

त्याने सुस्कारा सोडला, कोरा कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली. “काढा मग.”

तिने कोपऱ्यातलं यंत्र काढलं. वीस मिनिटं लागली. एकेक दांडी, घंटी, फितीची रिळं, उजवीकडची वाकलेली मूठसुद्धा. लोखंडाची रेघ सरळ आली. इन्स्पेक्टरने कागद वर धरला. “छान. नकाशे काढणारा कुणीही हे काढेल. आता ते दुसरं काढा. तिथे,” तो पालथ्या चित्राकडे न बघता म्हणाला, “ते जे काही आहे ते.”

“त्याला माणूस लागेल समोर.”

“इथे मी आहे आणि सिसेनान्दो आहे.”

कासिल्दाने म्हाताऱ्याकडे बघितलं. तोही बोटं थांबवून बसला होता. “तुम्ही चालू ठेवा,” ती त्याला म्हणाली. आणि मग तिला भीतीचा विसरच पडला. कोटाच्या आत पुढे वाकलेली पाठ तिने काढली. कागद ओढणारा रूळ खांद्यांच्या हाडांत फिरवला, फीत कॉलरमधून आत घालून मनगटाशी बाहेर काढली, आणि दोन बोटं कळांवर अशी ठेवली, जशी जुन्या ओळखीच्या माणसाच्या गालावर ठेवावीत. चित्रातल्या म्हाताऱ्याच्या अंगावर सगळे कपडे होते. तरी कागद पुढे केला तेव्हा इन्स्पेक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्याने तो चटकन उलटा ठेवला.

सिसेनान्दो उठून आला होता. “माझा कोट एवढा चुरगळलेला नाही,” तो म्हणाला आणि परत जाऊन बसला.

इन्स्पेक्टरने विचारलं, या वेळी जरा हळू आवाजात, “हे येतं कुठून?”

“मला माहीत नाही साहेब. मी बघते आणि ते तसं दिसतं.”

“त्या मुलीकडे बघत होतात, की यंत्राकडे?”

या प्रश्नाचं उत्तर जबाबात लिहिलं जाणार होतं. “दोन्हीकडे,” ती म्हणाली. सिसेनान्दोच्या दोन बोटांनी ते टाइप केलं, आणि तिने खाली पूर्ण नाव घालून सही केली. गावी पत्र जाणार नाही, असं इन्स्पेक्टर म्हणाला. सगळी चित्रं मात्र त्याने ठेवून घेतली.

ती तिथून चालत मोंतेरा रस्त्यावर गेली. ओलार्तेच्या खिडकीपुढे माणसांची भिंत होती. कासिल्दा त्यांच्यात घुसून उभी राहिली. इतके दिवस ती थेट दुकानाच्या आत गेली होती, बाहेर या जागी ती कधीच उभी राहिली नव्हती. इथून फक्त पाठ दिसत होती, रुमाल बांधलेली मान आणि हलणारे खांदे. शेजारचा माणूस तोंडातली काडी चघळत म्हणाला, “रुमाल काढायला सांगा रे कुणीतरी.” मागून कुणी पुस्ती जोडली, त्यावर आणखी कुणी. यातलं प्रत्येक तोंड आपलंच आहे, असं कासिल्दाला वाटत राहिलं.

दीड वाजता दुकान दुपारपुरतं बंद झालं. नीएवेस मागच्या दाराने बाहेर आली. गल्लीत, रिकाम्या खोक्यांच्या शेजारी कासिल्दाने तिला सगळं सांगितलं. चित्र, सही, शनिवारचं खोटं, पोलीस. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

नीएवेस ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

“तू तीनदा दुकानात आली होतीस,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

“ओलार्तेला विचारलंस ना, यंत्राचं झाकण उघडून बघू का म्हणून? मी ऐकलं होतं. ‘हरकत नसेल तर’ म्हणाली होतीस.”

कासिल्दाने मान हलवली.

“मला नाही विचारलंस.”

“नीएवेस, मला खरंच कळलं नाही की मी तुझी...”

“तेच म्हणतेय मी. यंत्रासाठी विचारलंस. मी तिथे होते, तुझ्याकडे बघून हात हलवत होते, आणि तुला कळलंही नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. “तो टोपीवाला परवडला. तो निदान अनोळखी होता. चार दिवस मी रस्त्यातल्या प्रत्येक पुरुषाला घाबरतेय, आणि संध्याकाळी येऊन तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपतेय.”

कासिल्दाला रडू आलं. नीएवेसने ते पाहिलं आणि ती जेवायला न येता दुसऱ्याच दिशेने चालू लागली.

पुढे सगळं लवकर झालं. ‘ला बुहिया’ सहा आठवडे बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. डॉन एवारिस्तो कासिल्दावर एक दिवस ओरडला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, सातव्या आठवड्याचं चित्र तयार ठेव. पेढीच्या मालकाने तिला बोलावून, समोर न बघता, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. ज्या पानांवर तिने झडपा काढल्या होत्या ती पानं त्याने दुसऱ्या कुणाकडून पुन्हा काढून घेतली. नीएवेसने शुक्रवारी खिडकी सोडली. ओलार्तेने जागेवर दुसरी मुलगी बसवली, पण गर्दी जमली नाही. नीएवेसला एका वकिलाकडे मागच्या खोलीत टाइप करायचं काम मिळालं. रविवारी तिने ट्रंक बांधली. दोन्या प्राक्सेदेसने विचारलं, “अगं, वाट्याला एवढी चांगली खोली असताना कुठे चाललीस?” नीएवेस म्हणाली, “कामाजवळ.” कासिल्दाने ट्रंकेची एका बाजूची कडी धरली, दोघींनी ती जिन्यावरून उतरवली आणि गाडीत ठेवली.

कासिल्दा दर महिन्याला पोलीस कचेरीत जाऊन मूळ चित्र परत मागायची. ते कुणाच्या तरी कपाटात, कुणाच्या तरी हाताखाली आहे, हा विचार तिला सोडत नव्हता. सिसेनान्दो दर वेळी म्हणायचा, “फाइल वर गेलीय, बाई.” वर म्हणजे कुठे, हे त्यालाही माहीत नव्हतं. तोवर ती शिवणयंत्रं, मोटारी आणि विजेचे पंखे काढत होती. चित्रांत हल्ली माणसं नसायची. डॉन एवारिस्तो कुरकुरायचा की ही चित्रं कुणी टपरीवर थांबून बघणार नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी ती चौकातल्या हॉटेलात चॉकलेट पीत बसली होती, तेव्हा नीएवेस आत आली. तिने इकडेतिकडे पाहिलं. दुसरी टेबलं रिकामी होती. तरी ती कासिल्दाच्याच समोर येऊन बसली. केस आता खांद्यापर्यंत वाढले होते. तिने चुर्रो, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, मागवले. वकील बरा आहे, हात दुखतात, गावाला आईची तब्येत बिघडली होती, असं थोडं थोडं बोलली. कासिल्दा हो-हो करत राहिली. कपाला दोन्ही हात लावूनही तिचे हात गरम होत नव्हते.

मग नीएवेसने विचारलं, “तेव्हा मी खरंच तशी दिसत होते? काचेमागे?”

कासिल्दाला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. “हो,” ती म्हणाली.

नीएवेस खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिने एक चुर्रो उचलला, कासिल्दाच्या कपात बुडवला आणि खाल्ला. साडेआठ झाले तशी उठली, हातमोजे चढवले, आणि कामाला उशीर होतोय असं सांगून निघून गेली. पुन्हा भेटू, असं ती म्हणाली नाही. भेटणार नाही, असंही म्हणाली नाही.